बाकड्यांचा नकाशा : प्रकल्प नोंदी (मुंबई, २०२५)

१२ जानेवारी, रविवार

बाबांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला तीन महिने झाले. रोज चाला, असं डॉक्टरांचं सांगणं. बाबा चालतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण सात-आठ मिनिटांनी त्यांना टेकावं लागतं आणि परळच्या फुटपाथवर टेकायचं म्हणजे एखाद्या दुकानाची पायरी. आज एका दुकानदाराने "आजोबा, गिऱ्हाईक येतंय जरा" म्हणून उठवलं. घरी येऊन चप्पल काढता काढता बाबा म्हणाले, "पस्तीस वर्षं बेस्टच्या गाडीत कंडक्टर म्हणून उभ्याने काढली. आता बसायला मिळेल म्हटलं, तर जागा शोधतोय."

त्यावरून हे काम डोक्यात आलं. पोटासाठी मी इमारतींचे नकाशे काढतेच. आता रविवारी आणि रजेच्या दिवशी मुंबईतल्या बागा, मैदानं, झाडीच्या जागा फिरायच्या आणि एक नकाशा करायचा. झाडांच्या याद्या लोकांनी केल्यात, प्रेक्षणीय स्थळांचे नकाशे तर ढिगाने आहेत. आमचा नकाशा बसायच्या जागांचा.

वहीत रकाने आखले : फाटक, बसायची जागा, सावली (सकाळची वेगळी, दुपारची वेगळी), पाणी, शौचालय, पायऱ्या. आठवीतल्या भाचीला फोटोंचं काम दिलं.

मुंबईत माणशी मोकळी जागा १.२४ चौरस मीटर, हा आकडा या विषयावरच्या जवळजवळ प्रत्येक लेखात येतो. हिशेब करून बघितला. तीन बाय सहा फुटांची चटई भरते १.६७ चौरस मीटर. म्हणजे वाट्याला अख्खी चटईसुद्धा येत नाही. बाबा म्हणाले, "मग बसूनच घ्यायचं. आडवं व्हायची सोय नाही."

१५ जानेवारी, बुधवार

पहिल्याच दिवशी फजिती. रजा टाकून भायखळ्याला गेलो आणि राणीच्या बागेचं फाटक बंद. बुधवारी बाग बंद असते हे लहानपणापासून माहीत असून मी विसरले. बाबांना ठाऊक होतं, पण "तू ठरवलंस, म्हटलं चौकशी केली असशील."

नवा रकाना : बंदचा वार.

१६ जानेवारी, गुरुवार

राणीची बाग. कागदोपत्री वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, बाबांच्या तोंडी अजून राणीबाग. १८६२ मध्ये लोकांसाठी उघडली. त्याआधी वनस्पतींची बाग शिवडीला होती, त्या जागेवर पुढे दफनभूमी झाली. सुमारे ५३ एकर जागा आणि तीनेक हजार झाडं. मुंबईत एका जागी इतकी जुनी, इतक्या जातींची झाडं क्वचितच दिसतात. बहुतेक जण इथे वाघ आणि पेंग्विन बघायला येतात, झाडं नुसती मागे उभी असतात.

आम्ही उलटं केलं. प्राणी बाजूला ठेवले आणि सावली धरून चाललो. कैलासपतीखाली पडलेली फुलं भाचीने गोळा केली. खोडालाच फुटणारं फूल तिने पहिल्यांदा बघितलं. उर्वशीच्या झाडाला फुलं नव्हती. गोरखचिंचेच्या बुंध्याला पाठ लावून बाबा दोन मिनिटं उभे राहिले आणि म्हणाले, "हा खांब गाडीत असता तर चाळीस माणसं धरून उभी राहिली असती."

कामाची गोष्ट अशी की बाकडं आणि बाकडं यात फार फरक आहे. मी मोजपट्टी नेली होती. बैठक जमिनीपासून पंचेचाळीस सेंटिमीटरच्या आसपास असेल तर बाबा आपले आपण उठतात. चाळीसच्या खाली गेली की मला हात द्यावा लागतो. पाठ नसली तरी चालतं, बाजूला हात नसला तर चालत नाही, कारण उठताना जोर द्यायचा कशावर? हे मला आजवर माहीत नव्हतं आणि मी इमारतींच्या नकाशात बाकडी काढत आलेय.

संग्रहालयाजवळचा दगडी हत्ती बघितला. हा घारापुरीचा, ज्याच्यामुळे पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं. सातव्या एडवर्डचा घोड्यावरचा पुतळाही इथेच आहे, १९६५ मध्ये फोर्टातून हलवलेला. काळा घोडा हे नाव मात्र तिकडेच राहिलं. बाबांच्या मते बेस्टच्या स्टॉपचंही तसंच असतं, वस्तू जाते आणि नाव उतरत नाही.

शेवटी भाचीच्या हट्टाने पेंग्विन. बाबांना पक्ष्यांपेक्षा तिथला गारवा जास्त आवडला. रकान्यात तिने लिहिलंय : "सावली – एसी".

२ फेब्रुवारी, रविवार

शिवाजी पार्क. नोंद लांबणार, कारण आज वहीचे रकानेच चुकीचे वाटायला लागले.

मैदान लोकांसाठी उघडलं १९२५ मध्ये, तेव्हा नाव माहीम पार्क. शिवाजी महाराजांच्या जन्माला तीनशे वर्षं झाली असं धरून १९२७ मध्ये, नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या सूचनेवरून, नाव बदललं. सुमारे २८ एकर. म्हणजे मैदानाची यंदा शंभरी.

मी "बाकडी किती" असा रकाना घेऊन गेले होते. बाबा कट्ट्यावर बसले आणि म्हणाले, "मोज." मोजायचं काय? मैदानाभोवती फिरणारा सलग कट्टा, आतून परिघ सव्वा किलोमीटरला थोडा कमी. मुंबईतल्या सगळ्यात लांब बाकड्यांपैकी हे एक. त्याला पाठ नाही, हात नाही, आमच्या कसोटीत ते नापास व्हायला हवं. तरी बाबा तिथे पाऊण तास बसले आणि एकदाही घड्याळ बघितलं नाही. चालणारे समोरून फिरत होते, आत एकाच वेळी दहा-बारा क्रिकेटचे सामने एकमेकांत घुसलेले, कुणाचा चेंडू कुणाच्या स्लिपमध्ये. बाबांनी शेजारच्या गृहस्थांशी वांद्र्याच्या एका जुन्या बसमार्गावरून वाद घातला. दोघंही चूक होते असं मला वाटतं.

बाकडं दोघा-तिघांचं असतं. आधीच कुणी बसलं असेल तर आपण पुढे जातो, तसा संकोच असतो. कट्ट्यावर तो नसतो, दोन हात सोडून बसलं की झालं. लग्नाळू पोरं, डबा खाणारे कामगार, पेन्शनवाले, सगळे एकाच बैठकीवर, आणि कुणी कुणाच्या शेजारी बसलेलं नाही. ज्याने ही भिंत बांधली त्याच्या मनात हे असेल की नाही कोण जाणे. बहुधा मैदानाची हद्द आखायची एवढाच विचार असेल.

कडेची मोठी झाडं बरीचशी रेन ट्री, पर्जन्यवृक्ष. संध्याकाळी आणि ढगाळ हवेत यांची पानं मिटतात. आम्ही साडेसहापर्यंत थांबलो ते भाचीला तेच बघायचं होतं म्हणून. मिटली.

रकाना बदलला. "बाकडी" खोडून "टेकायची जागा" : बाकडं, कट्टा, पार, पायरी, ओंडका.

९ फेब्रुवारी, रविवार

पाच उद्यान, माटुंगा. १८९६ च्या प्लेगनंतर शहर मोकळं करायला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला, त्याच्या दादर-माटुंगा आराखड्यातला हा भाग. शेजारची पारशी कॉलनी मंचेरजी जोशी यांनी उभी केली, उद्यानांना नावही त्यांचंच. तिथल्या रस्त्यांवर झाडांच्या रांगा लावतानाच रस्त्यागणिक जात वेगळी ठेवली होती. त्यामुळे इथे बागेत जाण्याआधीच बाग सुरू होते. सकाळच्या फेरीत बाबांना पहिल्यांदाच उन्हाची टोपी घालावी लागली नाही.

लवकर आटोपलं. इडली खाल्ली.

१५ फेब्रुवारी, शनिवार

एका उपनगरी उद्यानात गेलो, नाव मुद्दाम लिहीत नाही. फोनमधल्या नकाशाने चार मिनिटं दाखवली, चालायला लागली एकोणीस. कारण नकाशातली खूण असते बागेच्या पोटात. बागेला तीन फाटकं, त्यातली दोन कुलूपबंद, आणि उघडं ते नेमकं पलीकडच्या रस्त्यावर. बाबा दुसऱ्या कुलपाशी पोचून नाल्याच्या कठड्यावर बसले. आत गेल्यावर चांगली बाकडी होती, पण तोवर बाबांना बागेत रस उरला नव्हता.

रखवालदाराला विचारलं. तोही काय सांगणार? एकटाच आहे, तीन फाटकांवर नजर कशी ठेवायची? त्याचंही बरोबर.

आमच्या नकाशात बागेची खूण बागेवर नाही, उघड्या फाटकावर टाकायची. हा निर्णय पक्का.

२२ फेब्रुवारी, शनिवार

महाराष्ट्र निसर्ग उद्यान, शीव-वांद्रे जोडरस्ता. समोरच धारावी डेपो, त्यामुळे बाबांचा हक्काचा मुलूख. बसमधून उतरल्या उतरल्या ते नाकाने हवा ओढून थांबले. "इथे कचरा होता," म्हणाले. "डेपोत डबा उघडला की आधी माशा जेवायच्या."

इथे मुंबईचा कचरा टाकत. तो थांबवून, वर माती पसरून झाडं लावली आणि १९९४ मध्ये उद्यान लोकांसाठी उघडलं. ३७ एकर. एका बाजूला धारावी, दुसरीकडे मिठी नदी, तिच्या काठाने खारफुटी, पलीकडे वांद्रे-कुर्ला संकुलाच्या काचा. आत शिरलं की या तिन्हींपैकी काही दिसत नाही, नुसती झाडी. ही मात्र बागेसारखी बाग नाही. हिरवळ कापलेली नाही, फुलांचे वाफे नाहीत, पाचोळा झाडाखाली तसाच पडू देतात. भाची म्हणाली, "इथे कुणी झाडत नाही का?" पाचोळा कुजून माती होते, हे तिने पाचवीत पाठ केलंय. आज तो पायाखाली होता.

बाबा पायवाटेच्या वळणावर टेकले आणि बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "खाली अजून असेल ना सगळं? आम्ही टाकलेलं." असणार. मी वहीत फक्त "सावली – दाट, दिवसभर" एवढंच लिहिलं.

२ मार्च, रविवार

शिवडीची बंदरपट्टी. बाग नव्हे, पण भाचीला रोहित पक्षी (फ्लेमिंगो) बघायचे होते. ओहोटी गाठून गेलो. चिखलात गुलाबी रेघ, तिच्या वरून अटल सेतू. ठाणे खाडीच्या वरच्या अंगाला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं आणि २०२२ मध्ये ते रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेलं. बसायची सोय विचाराल तर घरून नेलेलं स्टूल. सावली शून्य. अर्ध्या तासात परत.

९ मार्च, रविवार

आज फोर्ट. मुद्दाम दोन उलट जागा एकाच सकाळी बघायच्या होत्या.

ओव्हल मैदान. २२ एकर. एका अंगाला उच्च न्यायालय, विद्यापीठ, राजाबाई टॉवर; दुसऱ्या अंगाला आर्ट डेको इमारती. दोन्ही बाजू मिळून २०१८ पासून जागतिक वारसा. मधल्या वाटेने चर्चगेटकडे जाणारी माणसं आणि दोन्हीकडे क्रिकेट. झाडं कडेला, त्यात उंच ताडवर्गीय बरीच. त्यांची सावली एक माणूस रुंद आणि ती घड्याळाच्या काट्यासारखी सरकते. बाबांनी दोनदा जागा बदलली, मग सोडून दिलं. खेळणाऱ्याला याहून चांगली जागा नाही, थकलेल्याला मात्र इथे काही नाही. हा दोष नव्हे, ते मैदान आहे.

मग चालत (मध्ये तीन थांबे) हॉर्निमन सर्कल. ओव्हलच्या मानाने ही मूठभर जागा. १८७२ च्या सुमारास तयार झालेलं गोल उद्यान, तेव्हा एल्फिन्स्टन सर्कल. पुढे नाव दिलं ते बी. जी. हॉर्निमन यांचं, 'बॉम्बे क्रॉनिकल'चे संपादक, ज्यांना स्वातंत्र्य चळवळीची बाजू घेतल्याबद्दल १९१९ मध्ये इंग्रजांनीच देशाबाहेर काढलं. याच परिसरात वडाखाली बसून शेअर दलाल सौदे करत, त्यातून पुढे शेअर बाजार उभा राहिला. म्हणजे मुंबईचा एवढा मोठा बाजार झाडाच्या सावलीत बसायला मिळालं म्हणून वाढला, असं मी म्हटलं. बाबांना पटलं नाही. ते म्हणाले, सावली सगळ्यांना मिळाली, पैसे दलालांना.

एकरांवर जाऊ नये, हे आज दोघांनी मान्य केलं. नकाशात क्षेत्रफळ लिहायचंच नाही.

२३ मार्च, रविवार

बोरिवली, संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. १०३-१०४ चौरस किलोमीटर जंगल, तुळशी आणि विहार हे दोन तलाव पोटात, बिबटे आणि भोवताली कोट्यवधी माणसं. इथे सोमवार बंद (रकान्यात आधीच लिहिला होता!). मला जायचं होतं कान्हेरीला. पायऱ्यांमुळे बाबांना जमेल की नाही ही धास्ती होती, म्हणून सकाळी लवकर आणि सावकाश.

कान्हेरीत शंभराहून जास्त लेणी आहेत. बाबा तिसऱ्या लेण्याच्या चैत्यापर्यंत आले, मग त्याच बाजूच्या एका विहाराशी थांबले. ओसरीबाहेर कातळातच कोरलेलं बाकडं होतं. बसले, पाठ भिंतीला टेकली, पाय जमिनीला लागले. मी मोजपट्टी काढली तशी म्हणाले, "राहू दे, बरोबर आहे."

घरी येऊन शिलालेखांबद्दल वाचलं आणि रात्री बाराला बाबांना उठवून सांगावंसं वाटलं. इथल्या ब्राह्मी लेखांत दानांची यादी आहे. कल्याणचे, सोपाऱ्याचे व्यापारी आणि त्यांच्या घरच्या बायका यांनी दिलेली दानं : लेणं, पाण्याची पोढी, चालायची वाट, आणि आसनपेढिका. म्हणजे बसायचं बाक! माणसाने पुण्य म्हणून बाकडं दिलं आणि आपलं नाव दगडात कोरून ठेवलं, अठरा-एकोणीस शतकांपूर्वी.

गेले दोन महिने भाची प्रत्येक बाकड्याच्या पाठीवरचा मजकूर फोटोत घेत होती, नुसती गंमत म्हणून. "कै. मातोश्रींच्या स्मरणार्थ." "अमुक यांच्या निधीतून." त्या फोटोंना मी आतापर्यंत रकाना दिला नव्हता. आता दिला : दाता. आणि वहीचे बाकीचे रकाने बघितले तर बसायची जागा, पाणी, चालायची वाट. कान्हेरीच्या यादीत शौचालय तेवढं नाही.

सकाळी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "बघ, तेव्हाही नाव टाकल्याशिवाय कुणी बाकडं देत नव्हतं."

५ एप्रिल, शनिवार

मलबार हिल. हँगिंग गार्डन म्हणजे फिरोजशहा मेहता उद्यान, १८८० च्या आसपासचं, पाण्याच्या टाकीच्या डोक्यावर वसवलेलं. पाण्यावर छत हवं होतं आणि छतावर बाग झाली. खाली टाकी म्हटल्यावर वर मातीचा थर असून किती असणार? म्हणून इथे प्राण्यांच्या आकारात कापलेली झुडपं जास्त. समोर कमला नेहरू पार्कातला म्हातारीचा बूट. भाची त्यात शिरायला मोठी झालीय, पण फोटो काढून घेतला.

खरं आलो होतो नव्या झाडीतल्या वाटेसाठी. मागच्याच आठवड्यात उघडलीय. उतारावरच्या रानातून लाकडी पूल नेलाय, ४८५ मीटर. झाड नेहमी आपण खालून बघतो; इथे फांद्यांच्या उंचीवरून चालतो आणि पुढे गिरगाव चौपाटीचा समुद्र दिसतो. बाबांना मनापासून आवडलं. तिकीट पंचवीस रुपये, पण ते फोनवरून, वेळ ठरवून काढायचं. बाबांच्या साध्या फोनवर ते निघत नाही. आयुष्यभर तिकिटं फाडलेल्या माणसाचं तिकीट नातीने काढून दिलं. तो विनोद त्यांनी स्वतःच चार वेळा केला.

नवा रकाना : स्मार्टफोन लागतो का.

२० एप्रिल, रविवार

घरच्या जवळच्या एका बागेत भर दुपारी दोनला गेलो, फक्त बाकडी तपासायला. काळा ग्रॅनाइट : बसता येत नाही, हातही ठेववत नाही. सिमेंट : तापतं, पण रुमाल टाकून चालतं. लाकडी पट्ट्या : ठीक. दिसायला सगळ्यात देखणं ग्रॅनाइटच, धुवायलाही सोपं, म्हणून नव्या बागांत तेच येतंय. नकाशात बाकड्याच्या खुणेला तीन रंग दिले, आणि काळा रंग अर्थातच कुणाला ते सांगायला नको.

मधे हाताचा दांडा असलेली बाकडी भाचीच्या मते "झोपू नये म्हणून" असतात. बाबांना तोच दांडा उठायला उपयोगी पडतो. दोघांचंही खरं आहे. खुणेत काय दाखवू, ठरलं नाही.

२६ मे, सोमवार

काम थांबलं. पावसाने मे महिन्यातच शहर गाठलं. मुंबईत मोसमी पाऊस इतक्या लवकर आल्याची नोंद नाही. गुलमोहराची फुलं रस्त्यावर चिकटलीत. मेमधली उरलेली तीन ठिकाणं राहिली.

१३ जुलै, रविवार

पहिली आवृत्ती छापली. ए-थ्री, दोन्ही बाजू, झेरॉक्सच्या दुकानातून वीस प्रती. अक्षर मोठं ठेवलंय. आमच्या चाळीत वाटल्या. कट्ट्याची खूण काय करायची यावर फार घोळ झाला, शेवटी शिवाजी पार्काभोवती नुसती एक जाड रेघ ओढली.

तळमजल्यावरच्या काकूंनी नकाशा चष्मा लावून पूर्ण वाचला आणि विचारलं, "डासांचा रकाना नाही?"

नाही. दुसऱ्या आवृत्तीत घालायचा. त्यासाठी सगळीकडे पुन्हा जावं लागेल, तेही संध्याकाळी. बाबा तयार आहेत. राहिलेलं : प्रियदर्शनी पार्क, गिरगाव चौपाटीचं नाना-नानी पार्क, आणि राणीची बाग पुन्हा एकदा, उर्वशी फुलायच्या दिवसांत. बुधवार सोडून.